दीड टनाचा दांडा

९ फेब्रुवारी, सोमवार

ही वही आज काढली, कारण मी बोलायला गेले की आवाज चढतो, आणि आवाज चढला की हे उठून अंगणात जातात. वही उठून जात नाही.

भांडण वजनावरून. आमच्या घरात दुसरं कशावरून होणार! मी सत्तावीस वर्षं ट्रकच्या वजनकाट्यावर काढली, हे एकतीस वर्षं लांब पल्ल्याच्या बसवर ड्रायव्हर होते. आता दोघंही घरी. यांनी एक मोडीत निघालेली मिनीबस आणली आणि दोन वर्षं मागच्या अंगणात ठोकाठोक करून तिच्यात बिछाना, शेगडी, पाण्याची टाकी बसवली. इथपर्यंत माझी तक्रार नव्हती. दिवसभर घरात पायात पायात करण्यापेक्षा बरं. पण आता नवीन खूळ निघालंय. बसच्या मागे आपली छोटी जीप बांधून न्यायची. जीपची चारही चाकं जमिनीवर, मध्ये लोखंडी दांडा, बस पुढे ओढणार, जीप मागून मुकाट्याने येणार.

"कशाला?" मी म्हटलं. "बस आहे ना?"

"बस गल्लीबोळात कशी घालणार? कुठे बाजारात जायचं, दवाखान्यात जायचं, तर छोटी गाडी हाताशी हवी. जीप तू चालवतेस ना छान."

"दवाखान्यात कोणाला जायचंय?"

"कोणालाच नाही. उदाहरण दिलं."

मग मी म्हटलं, दांडा घ्यायच्या आधी जीप काट्यावर चढवू. तर म्हणतात, "काटा कशाला? पुस्तकात लिहिलंय, चौदाशे दहा किलो." अहो, ते वजन कारखान्यातून निघाली तेव्हाचं! लग्नातल्या मापाने आज कपडे शिवायला टाकतं का कोणी? जीपच्या टपावर आता लोखंडी जाळी आहे, मागे अवजारांची पेटी आहे, दोन खुर्च्या, टेबल, पाण्याचे कॅन. पण नाही. एकतीस वर्षं स्टिअरिंग धरलं म्हणजे सगळं कळतं असा समज.

आणि बोलताना माझ्या तोंडाकडे बघत नाहीत. ही सवय गेल्या काही महिन्यांतली. माझ्या कानाकडे बघून बोलतात. कानात काय दिवे लावलेत मी?

१२ फेब्रुवारी, गुरुवार

कोणालाही न विचारता जीप माझ्या जुन्या काट्यावर नेली. टाकी भरून, सगळं सामान आत ठेवून. तिथे आता एक तरुण मुलगी बसते. तिने मला ओळखलं नाही, पण वजन नीट केलं, त्यामुळे माफ. अठराशे सत्तर किलो.

चौदाशे दहा म्हणे! चारशे साठ किलोंचा फरक. म्हणजे मागच्या सीटवर सहा-सात धडधाकट माणसं बसवून हिंडतोय आणि पत्ताच नाही.

घरी येऊन यांच्यासमोर पावती धरली. हातात घेतली नाही. म्हणाले, "वाचून दाखव."

"का? हाताला मेंदी लावलीय?"

"वाच गं."

वाचली. तर नुसतं "बरं." वाद नाही, तोंड वाकडं नाही. जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं, उलट तळपायाची आग मस्तकात गेली. भांडायलासुद्धा माणूस समोर लागतो.

हाच माणूस पस्तीस वर्षांपूर्वी याच काट्यावर माझ्याशी तासभर भांडला होता. तेव्हा ट्रक चालवायचे. साडेआठशे किलो माल जास्त निघाला, मी म्हटलं, उतरवा. माझ्या नोकरीचा तिसरा महिना होता. सगळे ड्रायव्हर माझ्यावर गुरगुरायचे, पण हा गुरगुरताना हसत होता. माल उतरवला. पुढच्या आठवड्यात रिकामा ट्रक घेऊन आला आणि म्हणाला, "वजन करा." म्हटलं, रिकाम्याचं कशाला? तर म्हणे, "खात्री केलेली बरी."

तेव्हा काट्याची खात्री होती.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

पैलवान आला होता. गॅरेजवाला. अंगाने काडी, म्हणून पैलवान. यांच्याबरोबर डेपोत होता. बसखाली सरपटत जाऊन आला आणि माझ्याशी नीट बोलला. यांच्याशी बोलून उपयोग नाही हे त्यालाही कळलं असावं.

"ताई, नुसता दांडा बघू नका," म्हणाला. "जीपच्या तोंडाला बसवायची चौकट, तो दांडा, त्याच्या पिना, बसच्या मागचा हूक. या सगळ्यांवर आकडे असतात. त्यातला सगळ्यात कमी आकडा तोच तुमचा आकडा. बाकीचे दहा टनाचे असले तरी शोभेचे."

हे मला पटलं. त्याने तपासलं. बसचा हूक तीन टनाचा, बस स्वतः तेवढं ओढते. चौकट अडीचची मिळते. मग दांडाही निदान अडीच टनाचा हवा. अठराशे सत्तरवर आणखी दोन पिशव्या पडल्या तरी श्वास घ्यायला जागा राहते. शिवाय तो म्हणाला, जीपला स्वतःचा ब्रेक लागला पाहिजे. त्यासाठी एक यंत्र मिळतं. बसचा ब्रेक दाबला की ते जीपचं पेडल दाबतं. नाहीतर उतारावर मागची गाडी पुढच्या गाडीला ढकलते आणि सगळा मार दांडा खातो.

मी म्हटलं, दुकानात मीही येते.

हे म्हणाले, "एक दांडा आणायला दोन माणसं कशाला? तेवढं तरी करू दे मला."

तेवढं तरी म्हणजे? मी काय यांना कोपऱ्यात बसवून ठेवलंय?

२६ फेब्रुवारी, गुरुवार

मी चार दिवस लेकीकडे होते. परत आले तर दांडा बसवून तयार. माझी वाट बघायची नाही. यांनी आधीच काळा रंग मारून ठेवला, मग पैलवानाने येऊन बोल्ट आवळले. रंगाचे शिंतोडे फरशीवर, कुंड्यांवर, स्वतःच्या चपलांवर. एवढा नीटनेटका माणूस, आता गबाळेपणाचा कळस.

"किती टनाचा?"

"अडीच. पट्टीवर कोरलंय. बघून घेतलाय."

ब्रेकचं यंत्र आणलेलंच नाही. म्हणे दुकानात नव्हतं, पुढच्या महिन्यात येईल. मग दांडा तरी पुढच्या महिन्यात आणायचा! मी दोन शब्द बोलले. हे अंगणात निघून गेले.

५ मार्च, गुरुवार

पंधरवड्यातून एका गुरुवारी हे सकाळी रिक्षाने "मित्राकडे" जातात आणि दुपारी येतात. आज आले तेव्हा डोळ्यांवर काळा चष्मा. बाहेर आभाळ भरून आलेलं! म्हटलं, "हिरो, सिनेमा कधी लागतोय?" हसले नाहीत. तसेच आडवे झाले.

संध्याकाळी चहा कपाऐवजी बशीत ओतला आणि मलाच म्हणाले, "कप कुठे सरकवलास?" पेपर बंद केलाय, म्हणे बातम्या वाचून डोकं उठतं. बस पैलवानाला चालवायला देतात आणि आपण मागे बसतात. एकतीस वर्षं लोकांना नेलं, आता साहेबासारखं कोणीतरी आपल्याला न्यावं असं वाटत असेल. निवृत्ती झाली की बायकांची काम करायची सवय सुटत नाही, आणि पुरुषांची काम करून घ्यायची सवय लागते.

८ मार्च, रविवार

अक्षर वाकडं येईल, येऊ दे.

सकाळी चाचणी घ्यायला निघालो. बस पैलवान चालवत होता, मी त्याच्या शेजारी, हे मागच्या बाकावर. मागून कसला आवाज येतो ते ऐकतो म्हणाले. सपाट रस्त्यावर सगळं सुरळीत. गावाबाहेरच्या पाण्याच्या टाकीजवळच्या उतारावर पुढचा टेम्पो एकदम थांबला. पैलवानाने ब्रेक दाबला.

आधी कुरकुर झाली, मग फाटकन आवाज. बसला मागून धक्का बसला. मी आरशात बघितलं तर जीप आमच्या मागे नव्हतीच, आमच्या उजवीकडे होती. दांड्याचा एक हात वाकला होता, पिन तुटली होती, आणि जीप दांड्याच्या जोडीला बांधलेल्या दोन साखळ्यांना लटकून आडवी समोरून येणाऱ्या रस्त्यात घुसली होती.

तिथून एक बाई सायकलवरून येत होती. माझ्याच वयाची. पुढे टोपली.

वीतभर अंतर राहिलं. वीतभरच. मी सत्तावीस वर्षं मापातच काढली आहेत, मला अंतर कळतं.

बाई सायकल टाकून रस्त्याच्या कडेला खाली बसली. मी धावत गेले, पाणी दिलं. मग तिने आम्हाला ज्या शिव्या घातल्या त्या मी खाली मान घालून ऐकल्या. एकही चुकीची नव्हती.

पैलवान दांड्याखाली शिरला. पट्टी खालच्या अंगाला, तिच्यावर नवा काळा रंग. खरवडून त्याने वाचलं आणि माझ्याकडे बघितलं. मी वाकून स्वतः वाचलं.

१५०० किलो.

अडीच नाही. दीड.

मी यांच्याकडे वळले. सायकलवाली ऐकत होती, टेम्पोवाला ऐकत होता, मला फिकीर नव्हती. "तुम्ही म्हणालात बघून घेतलाय!"

"चुकलं माझं."

"चुकलं, की खोटं बोललात?"

हे माझ्या कानाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "खोटं बोललो. दीडचाच मिळाला. तू कटकट करशील म्हणून अडीच सांगितलं."

माझ्याशी. वजनाबद्दल. खोटं.

आणि माझाही राग येतोय मला. सत्तावीस वर्षं कोणत्याही ड्रायव्हरने सांगितलेलं वजन मी लिहून घेतलं नाही. काट्यावर चढव, मग बोल. आणि घरच्या ड्रायव्हरने तोंडी सांगितलं ते मानून बसले. वाकून एकदा पट्टी बघायला काय झालं होतं मला?

९ मार्च

बोलणं बंद.

११ मार्च, बुधवार

आजपासून वहीत यांना 'तो' लिहिणार. तोंडावर 'अहो' म्हणायची वेळ येणारच नाहीये.

दुपारी खिडकीतून बघितलं. अंगणात वाकलेला दांडा मांडीवर घेऊन बसला होता. त्या पट्टीवरून अंगठा फिरवत होता. एकदा, दोनदा, पुन्हा पहिल्यापासून. पश्चात्तापाची नाटकं. आता कुरवाळून काय उपयोग?

जेवायला ताट वाढलं आणि मी दुसऱ्या खोलीत जाऊन जेवले.

१३ मार्च, शुक्रवार

दुकानदाराला झापायला गेले होते. वाकलेला दांडा जीपमध्ये टाकून नेला आणि त्याच्या काउंटरवर आपटला. म्हटलं, अडीच टनाचा मागायला आलेल्या माणसाला दीडचा विकता? माणसं मारायचा धंदा आहे का?

दुकानदार म्हातारा आहे, घाबरला नाही. म्हणाला, "बसा. मला आठवतात ते. दोन दांडे शेजारी होते, दिसायला सारखेच. त्यांनी विचारलं, अडीचचा कोणता? गर्दी होती, मी म्हटलं, पट्टीवर लिहिलंय, बघून घ्या. तेवढं माझं चुकलं. ते पट्टीकडे मान वाकडी करून बघत राहिले. खूप वेळ. मग हा उचलला."

"म्हणजे दुकानात अडीचचा होता?"

"होता की. अजून आहे."

मला काही कळेना. दीडचाच मिळाला म्हणाला होता. मग खोटं कुठलं? तेव्हाचं की त्यानंतरचं?

म्हातारा म्हणाला, "रागावू नका, विचारतो. माझी आई अशीच बघायची शेवटी शेवटी. सरळ नाही, कडेने. तुमच्या मिस्टरांचे डोळे दाखवलेत का?"

मी त्याच्या दुकानातल्या स्टुलावर बसले.

चष्मा. चहा. पेपर. पावती. गुरुवार. रंगाचे शिंतोडे.

बाहेर येऊन जीपमध्ये बसून लेकीला फोन लावला. "तुझ्या बाबांच्या डोळ्यांना काय झालंय?"

"आई, त्यांनी शपथ घातली होती."

"कधीपासून?"

"आठ महिने."

आठ महिने! मी ओरडले म्हणजे इतकी ओरडले की फळवाल्याने वळून बघितलं. लेकीला माहीत. गुरुवारी नेणाऱ्या रिक्षावाल्याला माहीत. पैलवानाला विचारलं, त्याने मान खाली घातली, म्हणजे त्यालाही. एका छपराखाली, एका बिछान्यावर राहणाऱ्या बाईला तेवढं माहीत नाही. मी कोण, भाडेकरू?

१४ मार्च, शनिवार

सकाळी त्याच्यासमोर जाऊन बसले. म्हटलं, "दुकानात गेले होते."

त्याला कळलं. हातातली पक्कड खाली ठेवली.

"दोन्ही डोळ्यांत मधोमध डाग आलाय," म्हणाला. "कडेचं दिसतं. ते राहील म्हणतात डॉक्टर. मधलं चाललंय. उजव्याचं गेलंच, डाव्याचं वर्षभर टिकेल, कदाचित कमी. कळलं त्या दिवसापासून मी स्टिअरिंगला हात लावलेला नाही. तेवढं तरी मानशील?"

"मानते. माझ्या कानाकडे का बघता?"

"तुझ्याकडे सरळ बघितलं की तू जातेस. कानाकडे बघितलं की चेहरा दिसतो."

मी उठले, स्वयंपाकघरात गेले, परत आले. "मग त्या दिवशी रस्त्यात खोटारडेपणा का कबूल केलात? दिसलं नाही असं सांगायला काय झालं होतं?"

"बसचा ड्रायव्हर होतो गं मी. त्या सायकलवाल्या बाईसमोर काय सांगू, मला दिसत नाही? आणि तुला कळलं असतं तर तू दया केली असतीस. खोटं बोललो म्हटलं तर चिडशील. तुझ्या चिडण्याची मला सवय आहे."

"दया? कोण करतंय दया?" मी पितळी डबा उचलून आपटला. झाकण गडगडत दारापर्यंत गेलं. "एका बाईचा जीव जात होता! तुमच्या दिमाखापायी! विचारलं असतंत, पट्टी वाच म्हणून, तर काय मुकुट पडला असता डोक्यावरचा?"

"नसता पडला," तो म्हणाला. "तेच तर चुकलं. दुकानात वाटलं, निदान एवढं एक काम मला जमतंय. दोनचा आकडा दिसला असं वाटलं. दिसायला हवा होता म्हणून दिसला."

थोड्या वेळाने म्हणाला, "बस विकून टाकू."

झाकण शोधायला तो उठला, आणि दारापाशी पडलेलं असूनही भिंतीच्या कडेने हाताने चाचपत गेला. ते मला बघवलं नाही, म्हणून मी ओरडले, "राहू दे ते झाकण!"

१७ मार्च, मंगळवार

त्या सायकलवाल्या बाईचं घर पैलवानाने शोधून दिलं. आम्ही दोघं गेलो. यांनी तिला खरं काय ते सांगितलं, उभं राहून, एक शब्द न गाळता. ती म्हणाली, "मग आधी सांगायचं ना घरी!" मला ती बाई एकदम आवडली.

बस विकायची नाही. असं मी ठरवलंय. कोणाला विचारलेलं नाही. आठ महिने मला कोणी विचारलं होतं?

२२ मार्च, रविवार

दांडा मी निवडला. काल पुन्हा काट्यावर गेले, या खेपेला खरोखर प्रवासाला निघाल्यासारखी जीप भरून. दोन हजार चाळीस. बघा, महिन्याभरात पावणेदोनशे किलो वाढले, कारण प्रवासाचं सामान तर होतंच, वर यांनी मधल्या काळात जास्तीची बॅटरी आणि दोन कॅन आत सरकवले होते. अडीचच्या दांड्यात बसलं असतं, पण मी तीनचा घेतला. चौकट अडीचची, म्हणजे आमचा आकडा अडीचच, हे मला ठाऊक आहे. पण निदान दांडा तरी त्यात कमजोर नसावा. पिना दांड्याबरोबरच्याच. साखळ्या नव्या. ब्रेकचं यंत्र समोर लावून बघितल्याशिवाय दुकानातून हलले नाही. दांडा बसल्यावर जमिनीला समांतर राहतो की नाही, ते पट्टी लावून मोजलं. दोन बोटांचा फरक निघाला, तेवढा चालतो.

पुन्हा भांडण झालं. हे म्हणाले, "एवढं सगळं करून चालवणार कोण? पैलवानाला किती दिवस गॅरेज बंद ठेवायला लावायचं?"

"मी."

"तुझ्याकडे मोठ्या गाडीचा परवाना नाही."

"काढते."

"साठाव्या वर्षी?"

"तुम्ही साठीत आंधळे होऊ शकता, मी ड्रायव्हर होऊ शकत नाही?"

तोंडातून गेलं. जीभ चावली. पण हे हसले. खदखदून. आठ महिन्यांत पहिल्यांदा. मला मात्र हसू आलं नाही. अजूनही येत नाहीये.

१६ एप्रिल, गुरुवार

परीक्षेत नापास. वळण घेताना मागचं चाक पट्ट्याला घासलं. परीक्षक माझ्या लेकीच्या वयाचा, म्हणतो, "आजी, कशाला त्रास करून घेता?" म्हटलं, "आजी तुझ्या घरी. इथे उमेदवार म्हण."

घरी येताना रडले. रागाने. यांनी विचारलं, किती घासलं? म्हटलं, चार बोटं. म्हणाले, "वळायच्या आधी एक क्षण जास्त थांबत जा. पुढचं चाक कोपरा ओलांडून गेलं असं वाटलं की मग फिरव. तू काट्यावर ट्रकवाल्यांना हाका मारायचीस ना, अजून, अजून, अजून, बस? तसं स्वतःला म्हण."

दोन तास मैदानात गोल गोल फिरवली. हे शेजारी बसून नुसतं ऐकत होते, आणि गिअर टाकायला अर्धा सेकंद उशीर झाला तरी सांगत होते. इतका वाईट शिक्षक मी जन्मात पाहिला नाही. एकही गोष्ट सोडत नाही.

२९ एप्रिल, बुधवार

पास. 'अजून, अजून, बस' मोठ्याने म्हणत वळण घेतलं, परीक्षक दचकला.

१४ मे, गुरुवार

निघून दोन दिवस झाले. आज जे झालं ते लिहून ठेवते.

नवा चौपदरी रस्ता सोडून हे म्हणाले, जुन्या डोंगररस्त्याने जाऊ. मी नको म्हटलं. अरुंद, वळणावळणाचा, मागे जीप. दांड्याने बांधलेली गाडी मागे घेता येत नाही, घेतली तर पुढची चाकं वाट्टेल तिकडे वळतात आणि दांडा पिळवटतो. पुढे जाता येतं किंवा थांबता येतं. म्हटलं, "तीस वर्षं याच रस्त्याने गेलात ना? पुन्हा काय बघायचंय?" हे खिडकीकडे तोंड करून बसले. मग मीच वळवली. धुसफुसत.

आणि व्हायचं तेच झालं. सातव्या वळणावर समोरून लाकडाचा ट्रक. त्याला मागे जाता येईना, मला तर येतच नाही. माझ्यामागे एकामागून एक गाड्या लागल्या. मी उतरले, ब्रेकचं यंत्र काढलं, पिना काढल्या, साखळ्या सोडल्या. आधी जीप मागे नेऊन कडेच्या मोकळ्या जागेत लावायची, मग बस. हात काळे, घाम डोळ्यांत, आणि तोंडाने यांचा उद्धार चालू. हे मागच्या गाड्यांना हाताने थोपवायला उतरले होते.

जीप लावून परत आले तर हे गाड्या थोपवत नव्हते. कठड्यापाशी उभे होते, मान वाकडी करून, डाव्या डोळ्याच्या कडेने खाली बघत.

"इथे दरी आहे?" म्हणाले.

मी बघितलं. दरी म्हणजे केवढी! खाली झाडं शेवाळासारखी दिसत होती.

"हे काय विचारणं झालं? तीस वर्षं इथून गाडी नेलीत!"

"रात्रपाळी होती. तीसही वर्षं. दिव्यांत दिसेल तेवढाच रस्ता. कठडा दिसायचा, त्याच्यापलीकडे काळं." "मला वाटायचं, शेत असेल."

मग त्यांनी कठडा घट्ट धरला आणि हळूच त्याच्यावर बसले. "चाळीस माणसं असायची गं मागे," म्हणाले. "झोपलेली."

मी काळ्या हातांनीच त्यांचा दंड धरला.

"खाली नदी आहे का?"

"आहे. बारीकशी. पांढरी."

"आवाज यायचा. मला वाटायचं, आपल्याच गाडीचा आहे. दोनदा वर्कशॉपला तक्रार लिहून दिली होती."

ते मान इकडून तिकडे फिरवत होते, दरीचा एकेक तुकडा कडेच्या नजरेत आणून ठेवत होते. पलीकडचा डोंगर. त्याच्यावरची पायवाट. पुन्हा खाली. पुन्हा पलीकडे.

मागे हॉर्न वाजायला लागले. एक वाजला, मग सगळे. ट्रकवाला खिडकीतून डोकं काढून ओरडला, "ओ बाई, बस हलवा की! काय चाललंय काय?"

मी वळले. आठ महिन्यांचा, खरं तर त्याच्याही आधीचा सगळा आवाज माझ्या गळ्यात होता.

"दिसत नाही का?" मी ओरडले. "माणूस बघतोय!"